एका शब्दाची तार

आमचे साहेब खासदार होण्याआधी तारमास्तर होते, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत होतं. खासदार झाल्यावरही ते तारमास्तरच राहिले, हे मात्र फक्त मला आणि काकूंना माहीत होतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. लग्नानंतर त्या पहिल्यांदा माहेरी गेल्या, तेव्हा साहेबांनी त्यांना पाठवलेल्या पत्रात नुसतं ‘ये’ एवढं एकच अक्षर होतं. खाली सहीसुद्धा नव्हती. काकूंनी परत आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "तुला असलं पत्र दुसरं कोण पाठवणार?" काकू हे हसत सांगायच्या, पण ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं.

मी साहेबांकडे तीन वर्षं टायपिस्ट होतो. साखर पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. पूर्वी तिथं चादरींचे गठ्ठे ठेवत, त्यामुळे खोलीला सुताचा वास होता आणि माझ्या मशीनच्या पट्ट्यांत बारीक तूस अडकायचं. एक टेबल, एक लांब बाक आणि भिंतीवर रेल्वेचं वेळापत्रक. पुढाऱ्यांचे फोटो लावायला कुणी आणून दिले की साहेब ते काकूंकडे द्यायचे आणि काकू ते माळ्यावर टाकायच्या.

जादा शब्दाचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. मी एकदा धीर करून विचारलं, की आता तुम्ही तारखात्यात नाही, मग ही काटकसर कशाला? तर म्हणाले, "जादा शब्द कुणाच्या तरी बोटांना पडतो." वीस वर्षं लोकांचे शब्द बोटांनी वाजवून काढलेला माणूस, त्याला ती बोटं दिसत असणार. मला नाही दिसायची. टायपिंगच्या क्लासात मी ‘सविनय निवेदन की’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं घोटून आलो होतो आणि माझं मराठी चांगलं आहे असं माझं मत होतं, अजूनही आहे. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या पत्रावर तांबडी पेन्सिल चालवली आणि पंधरा ओळींच्या तीन ओळी करून कागद परत दिला. "तुमच्या विनयात अर्धं पान गेलं," म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारी मंडळी असतात. खेड्यातला माणूस त्यांच्याकडून दोन पानं लिहून आणायचा. त्यात मायबाप सरकार असायचं, पोटी लहान लेकरं असायची, गरिबाची दाद असायची. साहेब सगळं मन लावून वाचायचे आणि एकेक शब्द खोडत जायचे. खोडून झालं की उरलेलं मोठ्यानं म्हणायचे, "विहिरीला वीज हवी. दोन वर्षं झाली. बरोबर?" तो बिचारा आपल्या तांबड्या झालेल्या कागदाकडे बघत "व्हय" म्हणायचा.

मग उत्तर. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘वर बोलतो’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्यांची उत्तरं तीनच होती. ‘होईल’, ‘होणार नाही’ आणि ‘थांबा’. थांबा म्हणाले, की त्यांनी काम अंगावर घेतलं पण अजून काही सांगता येत नाही, असं समजायचं. लोकांना ‘होणार नाही’चा राग यायचा. पुढारी तोंडावर नाही म्हणतो म्हणजे काय? तिकिटं वाटणारी वरची मंडळीही त्यांना समजावून थकली होती.

कुणी फार लांबण लावली, की साहेबांचं मधलं बोट टेबलावर वाजायला लागायचं. टक, टकटक, टक. मला वाटायचं सवय असेल. पुढं एकदा त्यांचे जुने सहकारी भेटायला आले होते. समोर साखर कारखान्याच्या निवडणुकीतले एक गृहस्थ तासभर बोलत होते, बोट वाजत होतं आणि हे सहकारी तोंडावर रुमाल धरून हसत होते. नंतर त्यांनी मला फोड करून सांगितली. साहेब तारेच्या भाषेत ‘साकु, साकु’ वाजवत होते. घरी ते कन्नड बोलायचे आणि साकु म्हणजे पुरे.

ज्या आठवड्याची गोष्ट मला सांगायची आहे, त्याचा सोमवार असाच गेला. चाळीसएक माणसं येऊन गेली. शेवटी कुर्डुवाडी आणि सोलापूरच्या मधल्या एका लहान स्टेशनाच्या गावची मंडळी आली. पुढं सरपंच. मागं एक म्हातारा, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं. त्याच्याही मागं भिंतीला टेकून एक पंचविशीची बाई.

सरपंच म्हणाले, "साहेब, सकाळची मेल आमच्या हितनं नुसता धुरळा उडवत जाती. पाच वर्सं झाली, अर्ज करतोय. आता शुक्रवारपत्तूर काय कळलं न्हाय, तर शनवारी सकाळी समदं गाव रुळावर बसणार हाय."

"याच शनिवारी का?"

सरपंचांनी मागं बघितलं. ती बाई म्हणजे शेवंता आणि म्हातारा तिचा सासरा. गाव त्याला आबा म्हणायचं. शेवंताचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, दोन मुली होत्या, ती सातवी शिकलेली होती. सोलापूरच्या एका इस्पितळात तिला आयाची नोकरी लागली होती. शनिवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार, असं कागदावर स्पष्ट होतं. सकाळची पॅसेंजर सोलापूरला साडेनऊला पोचायची. मेल साडेसातलाच पोचायची, पण ती या गावाला थांबत नव्हती.

"शहरात खोली घेऊन राहिलं तर?" साहेबांनी विचारलं.

आबांनी मान हलवली. "त्ये जमायचं न्हाय. कामाला जाऊ दे, माझी ना न्हाय. पण दिवस मावळला की घरी. पोरगं गेलं माझं साहेब. सून आन नाती डोळ्याम्होरं पायजेत."

म्हातारा दांडगाईनं बोलत नव्हता. त्याला दुसरं काही उरलं नव्हतं, एवढंच त्यात होतं. साहेबांनी बाईला विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"काम पायजे," ती म्हणाली.

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या खोलीत इतकं थोडक्यात आजवर कुणी बोललं नव्हतं. "दिल्लीला विचारतो. तार करतो," ते सरपंचांना म्हणाले आणि मंडळी गेली.

मंगळवारी करकंबला सभा होती. बाजारच्या पटांगणात मांडव घातला होता, लांबून लाउडस्पीकर आणला होता. साहेब उभे राहिले, रस्त्याचं काम मंजूर झाल्याचं सांगितलं, पुलाचं झालेलं नाही म्हणून सांगितलं आणि बसले. लाउडस्पीकरवाला अजून आवाज लावत होता. लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे. पाच-सात मिनिटं सगळी सभा साहेबांकडे आणि साहेब सभेकडे बघत बसले. मग एक म्हातारी उठून म्हणाली, "झालं व्हय?" आणि लोक हसत हसत उठले. संध्याकाळी कुर्डुवाडीला साहेबांनी मुंबईची गाडी धरली. बुधवारी मुंबईहून विमानानं ते दिल्लीला जाणार होते. काकूंनी दिलेले शेंगाच्या चटणीचे सहा डबे बॅगेत होते. ही चटणी ते मंत्र्यांना कधी द्यायचे नाहीत, फाइल ज्याच्या टेबलावर असेल त्या कारकुनाला द्यायचे. दिल्लीत त्यांची निम्मी कामं या चटणीवर व्हायची, असं मला वाटतं.

गुरुवारी दुपारी तार आली. वर माझं नाव, खाली इंग्रजी अक्षरांत एकच शब्द. थांबा.

आता हे लिहितानाही मला कसंतरी होतं. तीन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो. थांबा हे त्यांचं तिसरं उत्तर आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? रुळावर बसू नका, मी येतो, तोवर थांबा, एवढा सरळ अर्थ होता. पण सोमवारपासून मी रेल्वेला पाठवायचे कागद टाइप करत होतो आणि प्रत्येक कागदावर ‘मेल गाडीस थांबा मिळणेबाबत’ असं होतं. माझ्या डोक्यात तो एकच थांबा बसला होता. तार वाचली आणि मी खुर्चीतून उठून काकूंना हाक मारली. थांबा मिळाला म्हणून त्यांनी देवापुढं साखर ठेवली. साहेबांनी एका शब्दात केवढं काम सांगितलं, याचं मला उलट कौतुकच वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी स्वतः त्या गावाला गेलो. सरपंचांच्या ओसरीवर माणसं जमली. मी तार वाचून दाखवली आणि तिचा अर्थही सांगितला, उद्यापासून मेल थांबणार. सरपंचांनी तार हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मला पेढा भरवला. आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "कागदावर मेलचं नाव हाय का?"

"आबा, आमचे साहेब जादा शब्द घालत नाहीत," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी सकाळी अख्खा गाव स्टेशनवर होता. आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, हलगी होती, इंजिनापुढं फोडायला नारळ होता. हार माझ्या हातात दिला होता, ड्रायव्हरला घालायला. स्टेशनमास्तर दोनदा येऊन सांगून गेले, की त्यांना वरून काही कळलेलं नाही. सरपंचांनी त्यांनाही पेढा दिला. शेवंता धुतलेलं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून उभी होती. मुली आबांच्या दोन्ही हातांना होत्या.

मेल आली ती शिट्टी वाजवतच आली. हलगीवाल्यानं जोर केला. इंजिन पुढं गेलं, डबे जायला लागले आणि गाडीचा वेग काही कमी होईना. तेवढ्यात एका डब्याच्या दारात मला साहेब दिसले. सोलापूर यायच्या तासभर आधी बॅग घेऊन दारात उभं राहायची त्यांची सवयच होती. माझ्या हातातला हार, डहाळ्या, नारळ, त्यांनी सगळं बघितलं असणार. क्षणात ते दारातून आत गेले. मग चाकं करकरली आणि गाडी बरीच पुढं जाऊन उभी राहिली. शेवटचे दोन डबे फलाटाच्या टोकाशी होते.

"थांबली की," सरपंच म्हणाले. लोकांना वाटलं, पहिलाच दिवस आहे, ड्रायव्हरचा अंदाज चुकला असेल. हलगी पुन्हा सुरू झाली. रुळाकडेच्या खडीवरून बॅग घेऊन साहेब चालत येत होते. जवळ आले आणि त्यांनी माझ्यापुढं हात केला.

"तार."

मी खिशातून काढून दिली. त्यांनी तो एक शब्द वाचला, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मशीनवर गेला आठवडाभर काय टाइप होत होतं, ते त्यांना आठवलं असणार. ते बाकावर चढले आणि हलगी बंद व्हायची वाट बघितली.

"थांबा मिळालेला नाही," ते म्हणाले. "मी विचारलं. ते नाही म्हणाले. साखळी मी ओढली म्हणून गाडी उभी आहे. तार मी अशी करायला नको होती. चूक माझी आहे."

चूक माझी होती. मी ती तार वाचली होती, मी अर्थ सांगितला होता, मी पेढा खाल्ला होता. हे तिथंच सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, पण मी हार पाठीमागं धरून उभा राहिलो. आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे, त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

गार्ड लाल होऊन आला. साखळी कुणी ओढली म्हणून ओरडायला लागला, तर साहेबांनी त्याला आपलं नाव, पत्ता लिहून दिला आणि वर रिपोर्ट करा म्हणून सांगितलं. पुढं त्याचा खटला झाला. मी साहेबांसाठी चांगलं दोन पानी निवेदन तयार केलं होतं. त्यांनी ते कोर्टाच्या दारातच माझ्या हातात परत दिलं, आत गेले, ‘कबूल’ म्हणाले आणि दंड भरून बाहेर आले. सोलापुरात महिनाभर लोक त्यांना साखळीवाले खासदार म्हणत होते.

पण त्या सकाळी, साहेब बाकावर उभे राहून बोलत असताना आणि गाव खाली मान घालून ऐकत असताना, एक माणूस ऐकत नव्हतं. शेवंता फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली होती. ती पळत नव्हती, नुसती झपाझप चालत होती. शेवटच्या डब्यातल्या बायकांनी तिला हात देऊन वर घेतलं. गार्डनं हिरवं निशाण दाखवलं, तेव्हा आबांना ती दिसली. "शेवंते," त्यांनी एकदाच हाक मारली. ती दारात उभी होती. तिनं मुलींकडे बघून हात केला आणि गाडी गेली.

साहेब त्या गाडीनं गेले नाहीत. सोलापुरात त्यांच्या तीन बैठका होत्या. मला म्हणाले, "कळवा," आणि आबांच्या शेजारी लिंबाखाली जाऊन बसले.

त्या दिवशी मी साहेबांना बोलताना ऐकलं. खरंखुरं बोलताना. सकाळपासून दुपारपर्यंत ते आबांना समजावत होते. इस्पितळातलं काम कसं असतं, नोकरी पक्की झाली की मुलींचं शिक्षण कसं होईल, मेल इथं थांबणार नाही आणि म्हणून रोजचं येणं-जाणं होणार नाही, मुलींना आईकडे राहू द्या. एकच गोष्ट त्यांनी चार-चार प्रकारांनी सांगितली. तेच ते शब्द पुन्हा वापरले. मला ते बघवेना. आबा मन लावून ऐकत होते, मधेच धाकटीच्या नाकाला फडकं लावत होते. शेवटी म्हणाले, "तुमी लई चांगलं बोलता साहेब. पन न्हाय. आज सांच्याला ती यील. सोमवारी पुन्ना कशी जाती? इषय संपला."

साहेबांचं बोट मांडीवर वाजत नव्हतं.

संध्याकाळी पॅसेंजर आली. सकाळच्या डहाळ्या वाळून तशाच लोंबत होत्या. आबा मुलींना घेऊन पुढं झाले, मागं साहेब आणि मी. गाडीतून सात-आठ माणसं उतरली. शेवंता उतरली नाही. रोज सोलापूरला भाजी घेऊन जाणारा गावातला एक जण आला आणि त्यानं एक घडी केलेला कागद आबांच्या हातात दिला. आबांनी तो उघडला, बघितला आणि साहेबांपुढं धरला. "वाचा."

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं.

"हजर झाले. हितल्या बाईंनी राहायला खोली दावली. रोजचं येनं जमनार न्हाय. पोरींस्नी घिऊन तुमी बी या. तुमच्या बिगर मला एकलीला पोरी संबाळवनार न्हाईत आन तुमाला हितं सोडून मला ऱ्हावनार न्हाय."

गाडी निघून गेली. आबा रुळाकडे बघत होते.

"परत वाचा."

साहेबांनी परत वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, सावकाश. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागलं की वैतागणारा हा माणूस. धाकटी विचारत होती आई कुठाय म्हणून आणि थोरली तिला गप करत होती.

"अजून एकदा वाचा," आबा म्हणाले, आणि साहेबांनी तिसऱ्यांदा वाचलं.

आबांनी मुंडासं काढलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं.

"खोलीत शेगडी हाय का, ते लिवलंय का?"

साहेबांनी कागद उलटून मागची बाजू बघितली. "नाही. लिहिलेलं नाही."

"मग हितली घिऊन जातो," आबा म्हणाले.